धाकट्याच्या वाट्याची काच

तेर, १९ जानेवारी २०२४

सिद्धू,

वर अनेक आशीर्वाद लिहिणार होतो, पण ते वाचूनच तू कागद फाडशील, म्हणून थेट नावानं सुरुवात केली. फोन लावून बघितला. तुझा फोन मला ओळखत नाही, एकदा वाजतो न् गप होतो. तुझ्या वहिनीच्या फोनवरून लावला तरी तेच. म्हणजे अख्ख्या घराला बंदी घातलीस. थोरल्या भावाला बंदी घालता येते, पोस्टमनला नाही, म्हणून हे पत्र.

काम असं आहे की मला कॅमेरा घ्यायचाय. हसू नकोस. डिजिटल, पुढची काच बदलता येते तो, आत आरसा असतो तो. भारीतला नको. नवशिक्याला झेपेल असा, स्वस्तातला. तू सोलापुरात सात रस्त्याला बसून रोज लोकांचे पासपोर्ट फोटो काढतोस, तुला यातलं कळतं. नुसतं नाव लिहून पाठव, बाकी मी बघतो. आप्पांच्या स्टुडिओत माझं अर्धं आयुष्य गेलं, पण मी केलं काय? माणसं बसवली, हनुवट्या वर करायला लावल्या, रडणारी पोरं हसवली, अंधाऱ्या खोलीत कागद धुतले. बटण आप्पांनी दाबायचं, आणि त्यांची नजर मंदावल्यावर काच तू फिरवायचीस. मी कॅमेऱ्याच्या मागं कधी उभाच राहिलो नाही.

एवढ्यावरच पत्र संपवणार होतो. पण तू विचारशील, याला या वयात कॅमेरा कशाला सुचला. आईला पाहिजे.

आई श्रावणात मोरीत पाय घसरून पडली. तुला कळवलं नाही, कळवणार कुठं? हाड जुळलं, पण तेव्हापासून ती ओसरीवरच्या बाजेवर असते. दिवसा झोपते, झोपेत बोलते, आणि जाग आली की झोपेतलंच बोलणं पुढं चालू ठेवते. परवा म्हणाली, "सिद्धूला च्या दिलास का? आत्ता तर हितं बसला हुता." मी म्हणालो, दिला. काय सांगणार तिला?

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मात्र तरतरीत होती. मला जवळ बोलावलं. म्हणाली, "उत्तऱ्या, माझा एक फोटू काढून ठेव. भिताडावर लावाया पायजे का न्हाय? का ते आधार कार्डावरचं भूत लावणार हाईस?"

लाज वाटली मला. फोटोवाल्याच्या घरात तिचा एक फोटो नाही. म्हटलं आत्ता काढतो, आणि खिशातला मोबाईल काढला, तर तिनं तोंडापुढं हात आडवा धरला. "त्यात नगं. यांच्या काचंतनं काढ. त्या काचंनं मला लई बघितलंय."

तुला आठवतं का रे? दुपारी गिऱ्हाईक नसलं की आप्पा रिकामा कॅमेरा घेऊन दारात बसायचे. आई अंगणात तांदूळ निवडत असायची, नाहीतर केस वाळवत. आप्पा डोळ्याला कॅमेरा लावून काच फिरवत बसायचे, इतका वेळ की त्यांच्या विडीची राख मांडीवर पडायची. हात बसवतो म्हणायचे. रोल गिऱ्हाइकाचा, घरच्या माणसावर वाया घालवायचा नाही, असा त्यांचा नियम. म्हणजे त्या काचेतून आई जन्मभर बघून झाली आणि फोटो एकही निघाला नाही.

तर आता कॅमेरा असा घ्यायचाय, की त्याला आप्पांची काच बसली पाहिजे. आणि काच वाटणीत तुझ्या वाट्याला गेली. लिहिलं एकदाचं.

उत्तरेश्वर


तेर, ८ फेब्रुवारी २०२४

सिद्धू,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी धाराशिवला जाऊन आलो.

स्टँडच्या मागं गफारभाईचं दुकान आहे, नवे-जुने कॅमेरे विकतो, दुरुस्त करतो. आप्पांच्या कॅमेऱ्याची काचेविना राहिलेली पेटी मी कापडी पिशवीत घालून नेली होती, माझा वाटा. दुकानात गेल्यावर बघतो तर कपाटात इतके कॅमेरे ओळीनं बसलेले, सगळे माझ्याकडंच बघत होते. गफारभाईनं पहिल्यांदा मोठं खोकं काढलं. दोन काचा, वर पिशवी फुकट, तीन पायांचा स्टँड फुकट. मी म्हटलं, मला काच नको, माझ्याकडं काच आहे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी चपला घालून आलोय आणि पाय मागतोय.

मग त्यानं एक चिमुकला कॅमेरा हातात दिला. म्हणाला, "भाऊ, आता ह्याचा जमाना. ह्याच्यात आरसाच नाय. हलका फूल." हलका होताच. पण त्यात डोळा लावला तर आत टीव्ही लागल्यासारखं दिसत होतं. समोरचा रस्ता खराखुरा दिसत नव्हता, त्याची बातमी दिसत होती. मी परत दिला. मग एक जास्त मेगापिक्सेलवाला दाखवला. मी विचारलं, त्यानं काय होतं? म्हणाला, "फोटो मोठा व्हतो." किती मोठा? "भिंतीएवढा." म्हटलं आमची भिंतच लहान आहे.

शेवटी पिशवीतून आप्पांची पेटी काढून त्याच्यापुढं ठेवली. तिच्या तोंडावरची काच अडकवायची कडी बघितल्यावर माणूस एकदम नरम पडला. म्हणाला, असं आधी सांगायचं ना भाऊ. ज्या कंपनीची पेटी त्याच कंपनीचा डिजिटल घ्या, अगदी खालच्या नंबरचा, सेकंड हँड घेतला तरी चालेल, जुनी काच बसते. फक्त एक आहे. जुनी काच लावली की कॅमेरा काही मदत करत नाही. उजेड तुम्ही ओळखायचा, काच तुम्ही फिरवायची. "कॅमेरा आंधळा होणार. बघायचं तुम्ही."

मग त्यानं आतला आरसा दाखवला. पुढची काच काढली, मला म्हणाला बघा, आणि बटण दाबलं. आरसा टपकन वर गेला आणि खाली आला. समोरचं दृश्य त्या आरशातून डोळ्यात येतं, आणि बटण दाबलं की आरसा बाजूला होतो. म्हणजे सिद्धू, ज्या क्षणी फोटो निघतो नेमका त्या क्षणी काढणाऱ्याला काहीच दिसत नाही. मला हे कधी माहीतच नव्हतं. तुला माहीत असणार. गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. आप्पांनी गावातली एवढी लग्नं काढली, आणि एकाही नवरीच्या गळ्यात माळ पडताना त्यांनी बघितली नाही. आणि आईवर ते रिकामा कॅमेरा घेऊन बसायचे ते रोल वाचवायला नसेलच. बटण दाबलं की ती दिसेनाशी झाली असती.

खिडकीबाहेर तुरीची रानं मागं जात होती, उन्हानं डोळा लागला, आणि मला आप्पांच्या माघारी झालेल्या वाटणीचा दिवस दिसला. तोच ओटा, तेच पंच. रिवाज असा की थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. मी भांडी केली, रान केलं, खोल्या केल्या. कॅमेऱ्यापाशी माझा हात अडला. मग पंचांतल्या दगडोबामामानं तो उचलला, फिरवला, आणि टक् आवाज होऊन काच त्याच्या हातात आली. म्हणाला, "हे बगा, दोन डाग झाले की, दोघांना एकेक. वाद मिटला." एवढी चार शहाणी माणसं बसलेली, पण एकानं म्हटलं नाही की अरे, यातला एक दुसऱ्याशिवाय कशाच्याच कामाचा नाही. तू म्हणाला नाहीस, मी म्हणालो नाही. दोघांनाही वाटलं, आपण म्हटलं तर आपण हरलो. तू काच उचललीस आणि खिशात घातलीस. मला पेटी राहिली. लोक अजून आपल्याला हसतात, बरं का. तेरमध्ये कुणी अर्धवट काम केलं तर म्हणतात, फोटोवाल्याची वाटणी केली.

मला तुझा राग आहे. तो आहेच, मी लपवत नाही. पण आई जागी झाली की पहिल्यांदा विचारते, काच आली का? तिला मी काय सांगू, ते तरी लिही.

उत्तरेश्वर


तेर, २ मार्च २०२४

सिद्धू,

काच मिळाली.

धाराशिवच्या स्टँडवरून फोन आला की सोलापूर गाडीच्या कंडक्टरकडं तुमची पिशवी आहे. चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही, वर नुसता माझा फोन नंबर. सोलापुरी टॉवेलात गुंडाळलेली, टॉवेलाला गाठी इतक्या की सोडवताना तुझ्या वहिनीचं नख तुटलं. तिनं तुला तिथल्या तिथं दोन शिव्या दिल्या, त्या मी लिहीत नाही. पण काच तू पुसत होतास, हे दिसतंय. इतक्या वर्षांत वास नाही, बुरशी नाही, कडेला धूळ नाही. माझी पेटी मात्र कपाटावर पडून तिच्यात कोळी राहायला आला होता.

मी तसाच गफारभाईकडं गेलो आणि खालच्या नंबरचा कॅमेरा घेतला, वापरलेला. कोपरे थोडे झिजलेत, पण हातात धरल्यावर त्याचं वजन नीट बसलं. तुझी वहिनी म्हणते, बैल घेतल्यासारखं उलटून पालटून किती बघताय. काच लावली, फिरवली, आणि तोच टक् आवाज झाला. दुकानात उभ्या उभ्या मी ती काढली न् परत लावली, परत काढली न् लावली. गफारभाईनं चहा सांगितला.

घरी आल्यावर आई उठून बसली. स्वतः केस विंचरले. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसवून घेतलं. काच हातात घेतली, पदरानं पुसली, आणि तिच्यात बघून म्हणाली, "कसं हाय?" ते विचारणं आप्पांना होतं, म्हणून मी कॅमेऱ्याकडं वळलो.

आता पुढचं ऐक. जमलं नाही.

ओसरी आपली लहान. या डिजिटलवर ती काच सगळं जवळ ओढून दाखवते, त्यामुळं मी मागं मागं सरकत भिंतीला टेकलो, तरी आईचे खांदे कापले जात होते. म्हणून बाज अंगणात काढली. उजेड चांगला होता, कडुलिंबाच्या पानांतून येत होता. पण काच फिरवायला लागलो की सगळं पाण्यात बुडाल्यासारखं. फिरवतो, आई वर येते, आली आली म्हणेपर्यंत परत खाली जाते. मोतीबिंदू झालाय म्हणे मला, डॉक्टर म्हणाला अजून पिकू द्या. मला दिसतंय ते धूसर की काच धूसर, हेच कळत नाही. पुष्कळ काढले. एकात लिंब स्वच्छ, आई धूर. एकात तिच्या कानातलं फूल तेवढं धारदार आणि बाकी सगळी आई एखाद्या सपनात असल्यासारखी. बघायला लई सुंदर, खरं सांगतो, मी कितीतरी वेळ बघत बसलो. पण ती आई नाही. ती आईची आठवण आहे. तसा फोटो भिंतीवर मी लावणार नाही, अजून ती माझ्यासमोर बसून शेंगा खातीय.

काच पाठवलीस, पण काच फिरवणारा पाठवला नाहीस. ये. एका दिवसासाठी ये. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

उत्तरेश्वर


तेर, २१ मार्च २०२४

सिद्धू,

तुझं कार्ड आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर बघितलं आणि त्यात काय, तर "चाक एम वर ठेवणे. कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला की दाबणे." ख्यालीखुशाली नाही, नमस्कार नाही. औषधाच्या बाटलीवर याच्यापेक्षा जास्त माया लिहिलेली असते.

तरी केलं. ठिपका लागतो, म्हणजे काच जुळली. मला तो दिसतोही. पण ठिपका लागला की मी म्हणतो, "आई, आता हलू नकोस," आणि मी असं म्हटलं की ती हलते. म्हणते, "आँ?" ठिपका विझतो. कधी ती झोपेतच पुढं कलते. कधी दाराकडं बघते. तू फिरवायचास तेव्हा माणूस कधी स्थिर होणार ते तुला आधी कळायचं. मी विचारायचो, कसं कळतं? तू म्हणायचास, श्वास बघायचा. मी आईचा श्वास बघायला लागलो की मला दुसरंच काहीतरी वाटायला लागतं. तो फार हळू झालाय.

आता तुला जे सांगायचं नव्हतं ते सांगतो. मला भीती वाटते. ती हा फोटो भिंतीसाठी मागतीय. निघाला की तिचं काम झालं, ती मोकळी झाली, असं तिनं मनात धरलंय. म्हणून एखादे वेळी ठिपका लागलेला असतो, आईही स्थिर असते, आणि माझंच बोट दाबत नाही. आणि दुसरीकडं वाटतं, न काढताच गेली तर? दोन्हीकडून जीव टांगणीला लागलाय. हे मी तुझ्या वहिनीलासुद्धा बोललो नाही.

भांडण ठेव. हवं तर आणखी थोडं वाढव, माझी ना नाही. पण तिच्यासाठी एकदा ये. मला तुझी आठवण येते, हेही लिहून टाकतो, म्हणजे परत लिहायला नको.

उत्तरेश्वर


तेर, २१ एप्रिल २०२४

सिद्धू,

तू आलास काय न् त्याच दिवशी परत गेलास काय. चहाचा तुझा कप तुझ्या वहिनीनं संध्याकाळपर्यंत विसळला नाही. शिव्या देणारी तीच.

तुला वाटलं असेल आईनं तुला ओळखलं नाही. तू दारात उभा राहिलास, ती बघत राहिली आणि हसली नाही की रडली नाही, म्हणून तुझा चेहरा पडला होता, मी बघत होतो. तू मोरीत हातपाय धुवायला गेलास तेव्हा ती मला काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, "रोज येतंय ते तसंच आत येतंय. आज चपला काढून आलं. खरंच आलंय व्हय रे?" मी म्हणालो, व्हय, खरंच आलाय. मग तिनं पदर डोळ्याला लावला, आणि तू यायच्या आत पुसून मोकळी झाली.

आपण दोघं दिवसभरात काय बोललो याचा मी नंतर हिशोब लावला. मी म्हणालो, "उजेड?" तू म्हणालास, "पुरे." झालं. पण तू कॅमेरा डोळ्याला लावलास आणि तुझा डावा हात काचेखाली गेला तेव्हा मी आपोआप आईजवळ जाऊन तिची हनुवटी वर केली. कुणी सांगितलं नव्हतं. मग मी बाजूला झालो आणि तू कितीतरी वेळ नुसता बघत बसलास. तिनंही नजर हलवली नाही. मला वाटलं, आता हाही दाबणार नाही. लिंबाचा बारीक फुलोरा तिच्या मांडीवर पडत होता, ती तो झटकत नव्हती. आणि मग आरसा वाजला. एकदाच.

जाताना तू काच काढून नेली नाहीस. मी बघितलं, पण बोललो नाही. तू परत मागशील म्हणून.

परवा गफारभाईकडून फोटो मोठा करून आणला. चौकट नाही केली, नुसता कागद. वाटेत गाडीत उघडायचा धीर झाला नाही. घरी आल्यावर आधी आईच्याच मांडीवर ठेवला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून उन्हाकडं तिरका केला आणि बघत राहिली. हनुवटीवरचं गोंदण दिसतंय, लुगड्याच्या विणीचा दोरा न् दोरा दिसतोय, आणि डोळे असे की आत्ता काहीतरी विचारतील. मी खांद्यावरून वाकून बघत होतो. मला वाटलं आता ती म्हणेल, लाव बाबा भिंतीवर.

ती म्हणाली, "बरा न्हाय आला."

मी म्हणालो, "अगं, काय वाईट आहे त्याच्यात?"

"त्वांड वाकडं आलंय. भिताडावर लावायजोगा न्हाय. सिद्धूला बोलव, परत काढू दे."

मी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं. खिडकीत नेऊन बघितलं. तोंड कुठंही वाकडं नाही. इतका चांगला फोटो आप्पांनीसुद्धा काढला नव्हता, हे मी त्यांची शपथ घेऊन सांगतो. माझी पाठ वळली तशी तिनं तो उशाखाली सरकवला, आणि मी मागितला तर झोप लागल्याचं सोंग केलं. पापण्या हलत होत्या.

मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "व्हय आई. बिघडलाय खरा. परत काढायला लागंल." डोळे मिटूनच ती म्हणाली, "मग? मी काय म्हणत हुते?" आणि त्या दिवशी भाकर मागून खाल्ली.

तर तुझा फोटो बिघडलाय, सिद्धू. गोरोबाकाकांची जत्रा तोंडावर आलीय, तेव्हा सुट्टी काढून ये, पोराबाळांना घेऊन ये. बाज अंगणात काढून ठेवतो. आणि या वेळी पहिल्या फटक्यात चांगला काढू नकोस.

तुझा,
उत्तरेश्वर